पुनर्मुद्रणाचे लेख शोधून साइटवर टाकणारं सॉफ्टवेअर: मदत हवी आहे

मंडळी, बागकामावरच्या माझ्या वेबसाइटवर स्वतःच्या लेखांबरोबर पुनर्मुद्रणाला मुभा असलेले इतरांचे लेखही द्यायचे आहेत. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते; त्यासाठी त्याचं एक प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) चालवून बघतोय. कीवर्ड दिला की ते आरएसएस फीडमधून (इतर साइटवरच्या नव्या लेखांच्या आपोआप मिळणाऱ्या यादीतून) लेख उचलतं आणि परस्पर प्रकाशित करतं. काम झटपट होतं, पण लेखाखालची लेखकाची ओळख आणि मूळ दुवा हमखास गळतो. परवा एका लेखात ‘खालील बटण दाबा’ हे वाक्य जसंच्या तसं आलं, बटणाचा मात्र पत्ता नाही!

लेख आधी मसुद्यात पडेल आणि मी वाचून मगच सोडेन, अशी सोय कशात आहे? फीडमध्ये आलं म्हणजे छापायची परवानगी मिळाली असं नसतं, तेव्हा परवान्यानुसार गाळणी लावता आली तर फारच उत्तम. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्हज) परवान्यात बदल चालत नाहीत, म्हणजे काटछाटही नको. ‘एनसी’वाला (नॉन-कमर्शियल, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई असलेला) लेख जाहिराती असलेल्या पानावर कुणी टाकता का?

दुसरं म्हणजे गूगल. २०११च्या ‘पांडा’ अपडेटपासून (शोधनिकालांच्या क्रमवारीतल्या बदलापासून) नकललेल्या मजकुरावर त्याची वक्रदृष्टी आहेच. अशा पानांना तुम्ही कॅनॉनिकल टॅग (मूळ लेख कुठला ते गूगलला सांगणारी खूण) लावता की सरळ नोइंडेक्स (पान शोधात दाखवू नका अशी खूण)? स्वतः वापरून पाहिलेल्यांनी कृपया सांगा. शब्द फिरवून ‘नवा’ लेख करून देणारी सॉफ्टवेअरं मात्र सुचवू नका.