सिम रेसिंगमध्ये सस्पेन्शनचे आकडे वास्तवाला धरून कसे ठरवावेत?

प्रश्न:
मी सिम्युलेटरमध्ये मागील चाकांवर चालणारी, पंख नसलेली, चालकासह सुमारे १,३५० किलो वजनाची रेसिंग कार चालवतो. वळणात ती फार झुकत असल्यामुळे चारही स्प्रिंग आणि दोन्ही अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणे कमी करणारे दांडे) जवळजवळ कमाल मर्यादेपर्यंत कडक केले. झुकणे थांबले, परंतु आता वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल देताच मागचा भाग निसटतो आणि कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) चाक चढले की गाडी उसळते. खऱ्या रेसिंग गाड्या कडकच असतात ना? मग हे असे का होते?

उत्तर १:
कडक असतात, पण किती, हे वजनावर अवलंबून असते. म्हणून स्प्रिंगचा नुसता आकडा न पाहता कंपनवारिता, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होते ते, पाहावी. रस्त्यावरच्या साध्या गाडीत ती साधारण १ ते १.५ हर्ट्झ असते, पंख नसलेल्या रेसिंग गाडीत २ ते २.५ च्या आसपास, आणि पंखांवरील हवेच्या दाबाने जमिनीकडे दाबल्या जाणाऱ्या गाड्यांत ३ च्याही वर जाते, कारण तिथे जमिनीपासूनची उंची राखणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. चाके, ब्रेक वगैरे वगळून आपल्या गाडीच्या प्रत्येक कोपऱ्यावर ३०० किलो भार धरला, तर २ हर्ट्झसाठी चाकापाशी सुमारे ४७ न्यूटन प्रति मिलिमीटर एवढा कडकपणा लागतो. स्प्रिंग चाकाच्या हालचालीच्या ०.७ पट दबत असेल, तर या आकड्याला ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने भागावे. प्रत्यक्ष स्प्रिंग साधारण ९७ ची येते. हा वर्ग बरेच जण विसरतात.

उत्तर २:
मागचा भाग निसटण्यात मागच्या बारचा मोठा वाटा असावा. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकतो, हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळणाचा वेग यांवर ठरते; बार फक्त त्याची पुढे-मागे वाटणी बदलतो. भार वाढतो त्या प्रमाणात टायरची पकड वाढत नाही, त्यामुळे ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाची पकड आधी संपते. तेव्हा मागचा बार सैल करून पाहा. कर्बवरील उसळीसाठी मात्र डॅम्परचे (स्प्रिंगची हालचाल आवरणाऱ्या भागाचे) वेगवान हालचालीचे दाब-मूल्य, म्हणजे दबताना होणारा विरोध, कमी करावे. संथ हालचालीचे मूल्य स्टिअरिंग, ब्रेक आणि थ्रॉटलला गाडी कसा प्रतिसाद देते यासाठी असते. हे दोन्ही एकत्र फिरवले, तर कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही.

प्रश्नकर्ता:
स्प्रिंग ९७ वर आणून मागचा बार सैल केला. थ्रॉटल आता निर्धास्त देता येतो, पण लांब वळणाच्या मध्यावर पुढचा भाग बाहेर सरकतो. पुढचे डॅम्पर बदलू का?

उत्तर २:
नको. लांब वळणाच्या मध्यावर सस्पेन्शन जवळजवळ स्थिर असते आणि डॅम्पर केवळ हालचाल होत असतानाच बल देतो. पुढचा बार एक टप्पा सैल करा, आणि पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त तापत असेल, तर ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलण्याचा कोन) थोडा वाढवा.