साडेतीनशेची संथ बुलेट वेगवान करून घ्यावी, की वेगवान गाडीच विकत घ्यावी?

खंबाटकीचा_प्रवासी (धागालेखक)

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची २०१६ सालची क्लासिक ३५० आहे, म्हणजे जुन्या ३४६ सीसी इंजिनाची, जिची कागदोपत्री ताकद १९.८ अश्वशक्ती आहे. पुण्यातल्या रोजच्या वापरासाठी तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु कोल्हापूरला जाताना खंबाटकीच्या चढावर ट्रक ओलांडायचा म्हटले की ती दमते, आणि सपाट रस्त्यावरही ताशी शंभराच्या पुढे नेली की हँडल व फूटरेस्ट थरथरू लागतात. मित्राच्या ओळखीचे एक गॅरेज बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवून, मोठा पिस्टन आणि वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) बसवून, कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारे छिद्र) बदलून व मोकळा सायलेन्सर लावून ‘तिचे रूपच पालटून देतो’ असे सांगत आहे. दुसरा पर्याय म्हणजे ही विकून, पदरचे थोडे पैसे घालून, ४०० सीसीच्या वर्गातली एखादी वेगवान गाडी घ्यावी. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली गाडी विकायला मन तयार होत नसल्यामुळे माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. अनुभवी सभासदांनी कारणांसह मते मांडावीत, ही विनंती.

लांब_स्ट्रोक

कारणांसह मत मागितले आहे, म्हणून थोडे गणित मांडतो. हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आपली गाडी सपाटीवर ताशी ११० किलोमीटरच्या आसपास जाऊन थांबत असेल आणि आपल्याला १४० हवे असतील, तर वेग सव्वापट होतो, पण ताकद दुपटीहून किंचित अधिक, म्हणजे चाळीस अश्वशक्तीच्या घरात लागते. ही ताकद आणायची कोठून? आपल्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ९० मिलिमीटर आहे, आणि कमाल ताकद ५२५० आरपीएमवर (मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर) मिळते, तेव्हा पिस्टन सरासरी सेकंदाला पावणेसोळा मीटर वेगाने धावत असतो. २८ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची खेच) तोच ठेवून केवळ आरपीएम वाढवून चाळीस अश्वशक्ती काढायची म्हटली, तर इंजिन दहा हजारांवर फिरवावे लागेल आणि पिस्टनचा वेग सेकंदाला तीस मीटर होईल, जो शर्यतीच्या इंजिनांनाही सोसत नाही. २०१३ साली भारतात आलेल्या ३७३ सीसीच्या केटीएम ३९० ड्यूकला हीच ताकद जमते, कारण तिचा स्ट्रोक ६० मिलिमीटर आहे, चार व्हॉल्व्ह आहेत आणि इंजिन पाण्याने थंड होते. ती आखतानाच वेगासाठी आखलेली आहे.

राहिला बोअर वाढवण्याचा मार्ग. तो प्रयोग कंपनीनेच करून दाखवलेला आहे: तोच ९० मिलिमीटरचा स्ट्रोक आणि ८४ मिलिमीटरचा बोअर घेऊन क्लासिक ५०० बनवली गेली, आणि तिची ताकद २७.२ अश्वशक्ती भरली. दोन्ही ताकदींच्या गुणोत्तराचे घनमूळ काढून पाहावे. सपाटीवरचा फायदा फार तर बारा किलोमीटरचा. ज्या बदलासाठी आपण इंजिन उघडणार आहात, त्याची ही कारखान्यातली, उत्तमात उत्तम आवृत्ती आहे.

उद्यमनगरी

वरील गणित अचूक आहे, परंतु ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते. धागालेखकांची पहिली तक्रार चढाची आहे. चढावर ताशी साठ-सत्तरच्या वेगात हवेचा विरोध दुय्यम असतो. तेथे गुरुत्वाकर्षणाशी झगडा असतो आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, घनाच्या नव्हे. क्लासिक ५०० चा टॉर्क ४१ न्यूटन मीटर आहे. २८ वरून ४१ वर जाणे म्हणजे जवळपास दीडपट खेच, आणि ती ट्रक ओलांडताना प्रत्येक सेकंदाला जाणवते.

मी कोल्हापूरचा आहे. येथील उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग ज्या पिढ्यांनी घडवले, त्यांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर आजही मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजून स्लीव्ह (सिलिंडरचे आतले अस्तर) बसवतात, त्यामुळे ‘गॅरेजात केलेले काम म्हणजे तकलादू काम’ हे गृहीतक मला मान्य नाही. यामाहाच्या आरएक्स १०० ची गोष्ट घ्या. ९८ सीसीचे, अकरा अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन, १९९६ साली उत्पादन बंद झालेले. तरीही पोर्टिंग करून (वायू आत-बाहेर जाण्याच्या वाटा कोरून) आणि एक्झॉस्टचा चेंबर बदलून लोकांनी त्यातून जे काढले, त्यावर एक अख्खी पिढी इंजिन वाचायला शिकली. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी तर १९२० सालची इंडियन स्काउट, जी मुळात ताशी ९० किलोमीटरच्या आत होती, स्वतःच्या शेडमध्ये पिस्टन ओतून ओतून १९६७ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी २९६ किलोमीटरपर्यंत नेली. वेग विकतच घ्यावा लागतो, असे नाही.

शिवाय नवी गाडी घेण्याचा सल्ला देणाऱ्यांनी कराचाही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के. वेगवान गाडीची शिफारस करणे सोपे आहे, पण तो फरक धागालेखकांच्या खिशातून जाणार आहे.

लांब_स्ट्रोक

चढाविषयीचा मुद्दा योग्य आहे आणि तो मी मान्य करतो. मात्र मन्रो यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: केवळ इंजिनाच्या ताकदीवर तो वेग येत नव्हता, म्हणूनच त्यांनी संपूर्ण गाडी माशाच्या आकाराच्या कवचात बंद केली होती, म्हणजे हवेचा विरोधच कमी केला होता. शिवाय त्यांनी फोडलेल्या पिस्टनांनी आणि दांड्यांनी शेडमधली एक फळी भरली होती. ते कार्य थोर आहे. पण त्यांना सोमवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात पोहोचायचे नव्हते.

कलम_बावन्न

इंजिनाची चर्चा रंगली आहे, पण कायद्याकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच निःसंदिग्धपणे सांगितले. बोअर वाढवला की इंजिनाची क्षमता बदलते, म्हणजे आरसी पुस्तकावरचा ३४६ हा आकडाच खोटा ठरतो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड एक वेळ परवडेल. विमा परवडणार नाही. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता ३५० सीसीच्या आत आणि बाहेर वेगवेगळा असतो, त्यामुळे ३४६ सीसीचा हप्ता भरून ४५० सीसीचे इंजिन चालवणाऱ्याचा अपघात झाला, तर विमा कंपनीच्या हाती दावा नाकारण्याचे कारण आपण स्वतःच दिलेले असते. मोकळ्या सायलेन्सरविषयी लिहिण्याचीही आवश्यकता नाही. आपल्याकडे पोलीस ते जप्त करून रोडरोलरखाली घालतात, आणि ते योग्यच करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्यमनगरी

कायद्याचा धाक दाखवायचा, तर तो दोन्ही बाजूंना दाखवावा. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. १४० ने जाणारी गाडी कारखान्यातून कायदेशीर निघते, परंतु तिचा तो वेग सातारा रस्त्यावर एकदाही कायदेशीर नसतो. मग बोअर वाढवणारा तेवढा गुन्हेगार आणि वेगवान गाडी घेणारा सुजाण नागरिक, हे कसे?

दोन_डिस्क

कारण वेगवान गाडीबरोबर तो वेग थांबवण्याची सोयही येते. या संपूर्ण चर्चेत ब्रेकचे नाव कोणीच काढलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ११० वरून थांबायला जेवढे अंतर लागते, त्याच्या जवळपास १.६ पट अंतर १४० वरून थांबायला लागते, कारण येथे हिशेब वेगाच्या वर्गाचा आहे. धागालेखकांच्या २०१६ च्या गाडीला पुढे एक डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही. १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. फ्रेम, सस्पेन्शन, टायरची वेगश्रेणी, क्लच, साखळी हे सारे वीस अश्वशक्तीच्या हिशेबाने दिलेले असते. गॅरेजवाला इंजिनाचे पैसे सांगतो, या बाकीच्यांचे सांगत नाही, आणि ते सांगितले तर बेरीज वापरलेल्या ३९० च्या किमतीजवळ जाऊन पोहोचते. जीएसटीची चिंताही वापरलेल्या गाडीला लागू नाही. एका मालकाकडून दुसऱ्याने घेतलेल्या गाडीवर तो कर बसत नाही.

खंबाटकीचा_प्रवासी (धागालेखक)

सर्वांचे आभार. ब्रेकचा आणि विम्याचा मुद्दा वाचल्यावर बोअर वाढवण्याचा विचार मी सोडला आहे. तरीही वेगवान गाडी घ्यावीच, हे मला अजून पटलेले नाही. बेकायदा काहीही न करता चढावरची खेच सुधारता येते का?

उद्यमनगरी

काही प्रमाणात येते. पहिली गोष्ट, कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, व्हॉल्व्हची बैठक, क्लच प्लेट आणि एअर फिल्टर तपासावा. इतक्या वर्षांच्या इंजिनात मुळातले १९.८ तरी शिल्लक आहेत का, हे कोणी पाहिलेलेच नाही. दुसरी गोष्ट, चढावर गिअर उतरवण्याचा कंटाळा करू नये. टॉर्क चार हजार आरपीएमवर आणि ताकद सव्वापाच हजारांवर मिळत असताना पुष्कळ बुलेटस्वार अडीच हजारांवर पाचव्या गिअरमध्ये इंजिन रडवतात आणि दोष गाडीला देतात. शंभरावरची थरथर हा त्या एका लांब सिलिंडरचा स्वभाव आहे, तो कोणतेही गॅरेज घालवू शकणार नाही.

लांब_स्ट्रोक

येथे आमचे एकमत आहे, हे नमूद करतो. फक्त एक भर घालतो: खेच हवी आणि गाडीचा स्वभावही हाच हवा असेल, तर वापरलेली क्लासिक ५०० पाहावी, २०२० मध्ये ती बंद झाली असली, तरी बाजारात मिळते. ३९० घ्यायची ठरल्यास गाडी पूर्ण थंड असताना पाहायला जावे, म्हणजे पहिल्या स्टार्टचा आवाज खरा ऐकू येतो, आणि नंतर ती शहरात अर्धा तास चालवून रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो की नाही, हे पाहूनच पैशांचे बोलावे.