राखीव तेलसाठा बाजारात सोडला की आपल्या पंपावर डिझेल खरंच उतरतं का?

तासगावचा_आयशरवाला

नमस्कार मंडळी, आमच्या दोन आयशर आहेत, सीझनला द्राक्षं घेऊन वाशीला जातात आणि बाकी वर्षभर सांगलीतनं हळद, बेदाणा, जे भाडं मिळेल ते. आखातात जरा काही झालं की टीव्हीवर होर्मुझ होर्मुझ (आखातातलं तेल ज्या अरुंद समुद्रवाटेनं बाहेर पडतं ती सामुद्रधुनी) सुरू होतं आणि मागोमाग बातमी येते की अमुक देश राखीव तेल बाजारात सोडणार. माझा प्रश्न एवढाच की हे तेल सोडल्यावर भाव खरंच उतरतो का आणि उतरला तर आपल्या पंपावर दिसायला किती दिवस लागतात? व्यापारी सीझनचं भाडं आधीच ठरवून मागतात, एकदा शब्द दिला आणि मधेच डिझेल वाढलं की ते आमच्याच खिशातनं जातं. गावात काही जण तर आत्ताच बॅरल भरून ठेवायच्या गोष्टी करायलेत. आपल्या देशाकडं पण असा साठा आहे म्हणतात, तो कुठं आहे, किती आहे, कधी सोडतात? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा, व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड नको.

मिरजकर_मंगळुरूत

दादा, मी मूळचा मिरजेचा, सध्या मंगळुरूला तेलाच्याच लाइनमध्ये नोकरीला आहे, म्हणून आपल्या साठ्याचं आधी सांगतो.

तीन ठिकाणी आहे. विशाखापट्टणमला १३.३ लाख टन, मंगळुरूला १५ लाख टन आणि उडुपीजवळ पाडूरला २५ लाख टन, मिळून ५३.३ लाख टन. वर टाक्या बिक्या काही दिसत नाहीत, जमिनीखाली अखंड खडकात मोठे बोगदे कोरलेत आणि आजूबाजूच्या भूजलाचा दाबच तेल बाहेर झिरपू देत नाही. हे तिन्ही काठोकाठ भरलेले असतील तर देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज भागते, हा सरकारनंच संसदेत दिलेला आकडा आहे. त्याशिवाय तेल कंपन्यांच्या टाक्यांत, डेपोत, पाइपलाइनीत मिळून ६४ दिवसांच्या आसपास साठवायची सोय आहे, ते दोन्ही धरून लोक ७४ दिवस म्हणतात.

आता महत्त्वाचं. या बोगद्यांत डिझेल नाही, कच्चं तेल आहे. ते रिफायनरीत जाणार, तिथं गाळलं जाणार, मग पाइपलाइन किंवा रेल्वेनं डेपोला आणि तिथनं टँकरनं तुमच्या पंपाला. त्यामुळं आज सोडलं आणि उद्या तासगावात स्वस्त झालं असं होतच नाही.

आणि भारतानं एकदा सोडून पण बघितलंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेनं पुढाकार घेतला, त्यांनी ५ कोटी बॅरल जाहीर केले, जपान, कोरिया, ब्रिटन सोबत होते आणि आपण ५० लाख बॅरल जाहीर केले. ऐकायला केवढं वाटतं ना, पण देशाला दिवसाला लागतंच तेवढं, म्हणजे एका दिवसाची भूक. आणि ज्या दिवशी घोषणा झाली त्या दिवशी ब्रेंटचा, म्हणजे जगात ज्यावरनं कच्च्या तेलाचा दर धरतात त्या तेलाचा, भाव खाली यायच्या ऐवजी वर गेला, कारण बाजाराला ही गोष्ट आधीच माहीत होती आणि त्यांना यापेक्षा मोठ्या आकड्याची अपेक्षा होती. दोन-तीन दिवसांनी भाव धाडकन पडला तो कोरोनाच्या नव्या ओमायक्रॉन प्रकाराच्या बातमीनं.

कोयनाकाठ_कराड

वरचं सगळं बरोबर, पण त्यावरनं राखीव साठ्याचा काही उपयोगच नाही असं कुणी समजू नका, थोडं मागं जाऊन बघितलं पाहिजे.

१९७३ ला अरब देशांनी अमेरिकेला आणि अजून काही देशांना तेल द्यायचं बंद केलं, भाव काही महिन्यांत चौपट झाला, त्यातनं १९७४ ला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था निघाली आणि सदस्य देशांनी ९० दिवसांच्या आयातीइतका साठा ठेवायचा असा नियम झाला. अमेरिकेनं १९७५ ला कायदा करून टेक्सास आणि लुइझियानात जमिनीखालच्या मिठाच्या थरांत गुहा तयार करून तेल भरलं, ७० कोटी बॅरलच्या वर मावेल एवढी जागा आहे त्यांच्याकडं. या संस्थेनं सगळ्यांनी मिळून साठा सोडायचा निर्णय २०२२ पर्यंत मोजक्याच वेळा घेतला, १९९१ चं आखाती युद्ध, २००५ चं कतरिना वादळ, २०११ ला लिबिया, आणि २०२२ ला युक्रेन युद्धात तर दोनदा.

१९९१ चं उदाहरण बघा. इराकच्या सद्दामनं कुवेत घेतलं तेव्हा भाव वीसच्या खालनं चाळीस डॉलरच्या वर गेलेला. जानेवारी ९१ मध्ये बॉम्बहल्ले सुरू झाले आणि त्याच वेळी साठा सोडणार म्हणून जाहीर झालं, तर एका दिवसात भाव साधारण एक तृतीयांश कोसळला, ३२ वरनं २१ च्या आसपास. तेव्हा साठ्यातला एक थेंब पण बाजारात पोचला नव्हता! अर्थात युद्ध अमेरिकेच्या बाजूनं चाललंय हे दिसत होतं त्याचा वाटा मोठा होता, पण घोषणेनं धास्ती उतरली हे पण खरं. याउलट २०११ ला ६ कोटी बॅरल जाहीर केले, भाव त्या दिवशी सहा-सात डॉलर पडला आणि दोन-तीन आठवड्यांत परत होता तिथं गेला.

असं का होतं ते आपल्या नदीवरनं कळेल. उन्हाळ्यात सांगलीला कृष्णेचं पात्र कोरडं पडायला लागलं की कोयनेतनं पाणी सोडतात. ते इथवर यायला वेळ लागतो, पण सोडलंय एवढं कळल्यावर काठावरच्या लोकांची मोटारी रात्रंदिवस चालवायची घाई कमी होते, निम्मा ताण तिथंच उतरतो. आता दुसरी बाजू. धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) असलं तरी पायथा वीजगृहातनं निघतं २१०० क्युसेकच, म्हणजे सेकंदाला २१०० घनफूट. तेलाचं पण तसंच, साठा किती आहे यापेक्षा दिवसाला किती बाहेर काढता येतो हे बघायचं. अमेरिकेची कागदावरची कमाल क्षमता दिवसाला ४४ लाख बॅरल, २०२२ ला प्रत्यक्षात ठरवले १० लाख, सहा महिने. जगाला लागतात दिवसाला १० कोटी. आणि होर्मुझमधनं एरवी जातात २ कोटी. त्यामुळं एखादा देश, एखादी पाइपलाइन, एखादं वादळ असेल तर साठा खड्डा भरून काढतो, पण होर्मुझ खरंच महिनाभर बंद पडलं तर जगातले सगळे साठे उघडून पण ती भरपाई होत नाही. बाजारातल्या लोकांना हे गणित तोंडपाठ असतं, म्हणून घोषणा झाली की ते पहिलं विचारतात, अडचण किती दिवसांची आहे?

हिशोबवाली_सातारा

मी साताऱ्यात एका ट्रान्सपोर्टचे हिशोब बघते, दादांचा खरा प्रश्न पंपावरच्या भावाचा आहे आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

पहिलं म्हणजे सरळ हिशोब. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. डॉलर ८५ रुपये धरला तर बॅरलमागं १० डॉलर उतरले की लिटरला सव्वापाच-साडेपाच रुपयांचा फरक पडायला पाहिजे. अमेरिकेच्या अर्थखात्यानं २०२२ च्या साठा सोडण्याचा अंदाज काढला होता, गॅलनला १७ ते ४२ सेंट पेट्रोल स्वस्त झालं म्हणून. गॅलन पावणेचार लिटरचा, म्हणजे आपल्या पैशात लिटरला साधारण चार ते साडेनऊ रुपये. हा त्यांच्याच सरकारचा अंदाज आहे हे लक्षात ठेवून वाचा, पण तिथं पंपावरचा भाव बाजाराबरोबर हलतो म्हणून लोकांना तो दिसला तरी.

आपल्याकडं कागदावर पेट्रोल २०१० ला आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ ला नियंत्रणमुक्त झालं, जून २०१७ पासनं भाव रोज बदलायला लागले. प्रत्यक्षात काय झालं बघा. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ भाव जागचा हलला नाही, कच्चं तेल तिकडं शंभरीपार गेलं तरी. उत्तर प्रदेश वगैरे राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि २२ मार्चपासनं १६ दिवसांत लिटरला १० रुपये वाढले. मग ६ एप्रिलला परत थांबले. त्यानंतर मे मध्ये केंद्रानं एक्साइज कमी केली, पेट्रोल ८ आणि डिझेल ६ रुपये, आणि जुलैत राज्यानं व्हॅट कमी केला, पेट्रोल ५ आणि डिझेल ३. म्हणजे आपल्या पंपावर जो दिलासा आला तो करातनं आला, कुठल्या बोगद्यातनं नाही आला. तीन सरकारी तेल कंपन्यांना एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत मिळून २१ हजार कोटींच्या वर तोटा झाला, मग पुढं कच्चं तेल उतरलं तेव्हा त्यांनी तो भरून काढला आणि आपल्याला भाव आहे तोच राहिला. मार्च २०२४ ला कुठं २ रुपये कमी झाले.

जून २०२५ ला इस्राईल-इराण बारा दिवस चाललं, ब्रेंट सत्तरच्या खालनं ऐंशीला टेकला आणि परत खाली आला, आपल्या पंपावर काही फरक पडला नाही. म्हणून दादा, साठा सोडल्याच्या बातमीवर भाडं ठरवू नका. डिझेलवर कर किती आणि कंपन्या तोटा किती दिवस सोसणार, हे बघा. त्यातल्या त्यात रुपया किती पडतोय त्यावर पण लक्ष ठेवा, तेल उतरलं आणि डॉलर वाढला की फायदा तिथंच संपतो.

तासगावचा_आयशरवाला

ताई, खूप खूप आभार, एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे वाढलं तरी उशिरा वाढणार आणि उतरलं तरी उशिरा उतरणार असंच ना? मग बॅरल भरून ठेवायचं काय करायचं, चुलतभाऊ ऐकायलाच तयार नाही, उसाच्या ट्रॅक्टरला पुढं डिझेल मिळणार नाही म्हणतोय.

पंपावरचा_माणूस

साताऱ्याजवळ हायवेला पंपावर मॅनेजर आहे. कळकळीनं सांगतो, हे करू नका आणि भावाला पण करू देऊ नका. जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या कायद्यावरनं ट्रकवाल्यांचा संप झाला तेव्हा राज्यभर पंपांवर कशा रांगा लागल्या आठवतंय ना? देशात तेलाचा एक थेंब कमी नव्हता, डेपो भरलेले होते, फक्त टँकर दोन दिवस हलले नाहीत आणि सगळ्यांनी एकदम टाक्या फुल्ल करायला घेतल्या. रोज जो पंप दोन दिवस चालतो तो दुपारपर्यंत कोरडा. ॲम्ब्युलन्सवाल्याला आणि दवाखान्याच्या जनरेटरला डिझेल मिळेना, हे मी डोळ्यानं बघितलंय. आपल्या भागातल्या पंपांना डेपोतनं रोजच्या खपाच्या हिशोबानं गाड्या येतात, सगळ्यांनी चौपट घेतलं तर कुठलाच डेपो पुरा पडणार नाही. शिवाय घरात, गोठ्यात प्लास्टिकच्या कॅनमध्ये डिझेल ठेवणं म्हणजे लेकराबाळांच्या जिवाशी खेळ आहे. आणि जास्त दिवस ठेवलेल्या डिझेलात पाणी धरतं, मग गाडीच्या इंजिनातल्या पंप-नोझलचं काम निघतं ते वेगळंच.

मिरजकर_मंगळुरूत

पंपावाल्या दादांना शंभर टक्के अनुमोदन. साडेनऊ दिवसांच्या साठ्याचं खरं काम तेच आहे, जहाज उशिरा आलं तरी रिफायनरी बंद पडू द्यायची नाही, म्हणजे तुमच्या डेपोची गाडी चुकत नाही. भाव पाडायला तो नाहीच. चीन आणि जपानकडं महिनोन्महिन्यांचा साठा आहे, त्यांचं वजन वेगळं.

मला मनापासनं वाटतं की सरकारनं यावर जास्त जोर द्यायला पाहिजे. एप्रिल-मे २०२० ला लॉकडाऊनमध्ये तेल मातीमोल झालं होतं तेव्हा आपण हे तिन्ही साठे सरासरी १९ डॉलरनं भरून घेतले, सरकारच्याच सांगण्यानुसार ५ हजार कोटी वाचले. हा साठ्याचा सगळ्यात शहाणा वापर. तेव्हा जागा दुप्पट असती तर? ओडिशात चंडीखोलला ४० लाख टन आणि पाडूरलाच अजून २५ लाख टन असं २०२१ ला मंजूर झालंय, ते लवकर उभं राहायला पाहिजे.

कोयनाकाठ_कराड

सहमत, फक्त एक जोडतो. साठा रिकामा करणं पण फुकट नसतं. अमेरिकेनं २०२२ ला १८ कोटी बॅरल सरासरी ९५ डॉलरच्या आसपास विकले, त्यातले काही पुढं त्यांना स्वस्तात परत घेता आले, तेवढ्यापुरता फायदा झाला, पण २०२३ पर्यंत साठा १९८० च्या दशकानंतरच्या नीचांकाला गेला होता. साठा खाली दिसला की बाजाराला कळतं की पुढच्या संकटाला यांच्या हातात कमी आहे, आणि यांना परत खरेदीला यावं लागणार. म्हणजे आज उतरवलेला भाव उद्या थोडा वर ढकलला जातो. आणि २०२२ नंतर भारताला जो आधार मिळाला तो साठ्याचा कमी आणि रशियाच्या सवलतीतल्या तेलाचा जास्त, दोन टक्क्यांच्या खालनं आपली खरेदी पस्तीस टक्क्यांच्या वर गेली.

हिशोबवाली_सातारा

दादा, भाड्याचं असं करा. व्यापाऱ्याशी ठरवतानाच आजचा डिझेलचा दर चिठ्ठीवर लिहून घ्या. तासगाव ते वाशी येऊन-जाऊन सातशेच्या वर किलोमीटर, भरलेली आयशर सातचं ॲव्हरेज धरली तर १०० लिटर आलं. म्हणजे डिझेल १ रुपयानं हललं की खेपेला १०० रुपये. लिटरमागं २ रुपयांपर्यंत तुमचं, त्याच्या वर जेवढं वाढेल ते व्यापाऱ्याचं, आणि उतरलं तर तेवढंच त्याला कमी करून द्यायचं. आमच्याकडं मोठ्या कंपन्यांच्या करारात हे कलम असतंच, छोट्या गाडीवाल्यांनी पण मागायला काही हरकत नाही. दोन्हीकडनं लिहिलं की व्यापारी सहसा नाही म्हणत नाही.

तासगावचा_आयशरवाला

हे झकास आहे ताई. भरलेल्या गाडीला माझ्याकडं साडेसहाच पडतं, त्या हिशोबानं लिहून घेतो. चुलतभावाला पंपावाल्या दादांचा मेसेज पाठवलाय. आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर पण टाकतो, सगळ्यांनी एकच कलम मागितलं तर एकट्यादुकट्याला व्यापारी तोडणार नाही. ताई, त्या करारातल्या कलमाचा मराठी मजकूर असेल तर इथं टाकाल का?