‘जंबुकेश्वर’ म्हणजे कोल्ह्यांचा ईश्वर का? पंचभूत स्थळांची नावे

वाटसरू: दक्षिणेतल्या पाच शिवमंदिरांना ‘पंचभूत स्थलम्’ म्हणतात. त्यांतल्या ‘जंबुकेश्वर’पाशी अडलो. मराठीत जंबुक म्हणजे कोल्हा. मग हा कोल्ह्यांचा ईश्वर झाला का? शिवाय ‘पंचभूत’ वाचून घरात ‘पाच भुतं कुठली?’ असा प्रश्न आला, तो वेगळाच.

कावेरीकाठ: भुतांचं आधी. हे भूत म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. ‘पंचत्वात विलीन झाले’ असं आपण लिहितो, त्यातलीच ही पाच. घरच्यांसाठी ‘पंचमहाभूतांची मंदिरे’ असं लिहा, शंका उरणार नाही. कांचीपुरमचं एकांबरेश्वर पृथ्वीचं, तिरुवानैक्कावलचं जंबुकेश्वर आपाचं, तिरुवण्णामलैचं अरुणाचलेश्वर तेजाचं, श्रीकाळहस्ती वायूचं आणि चिदंबरम् आकाशाचं. काळहस्ती आंध्रात, बाकी चारही तमिळनाडूत. तमिळ यादीत ‘अप्पु’ आणि ‘तेयु’ दिसले तर दचकू नका. आप आणि तेज हेच शब्द तमिळ तोंडी तसे झाले आहेत.

आता जंबुक. इथे कोल्ह्याचा काही संबंध नाही. ‘जंबू’ म्हणजे जांभूळ. आपलं जांभूळही त्याच घरातलं. स्थलवृक्ष पांढऱ्या जांभळाचा आहे, तमिळमध्ये ‘वेण्णावल’. गावाच्या नावात मात्र हत्ती आहे: तिरु (श्री) + आनै (हत्ती) + का (राई).

शब्दकिडा: हत्ती आणि कोळी यांची गोष्ट काळहस्तीची ना?

कावेरीकाठ: दोन्हीकडची, आणि नेहमी एकमेकींत मिसळते. काळहस्तीत श्री म्हणजे कोळी, काळ म्हणजे साप आणि हस्ती म्हणजे हत्ती. तिघेही भक्त, तिघांची नावं जोडून गावाचं नाव. तिरुवानैक्कावलला साप नाही. तिथे कोळी आणि हत्ती यांचं भांडण आहे. पुढच्या जन्मी कोळी चोळ राजा कोच्चेंगणान झाला आणि हत्तीला शिरताच येऊ नये म्हणून त्याने गाभाऱ्याचं दार बुटकं ठेवलं, अशी कथा. दर्शन नऊ भोकांच्या दगडी जाळीतून होतं. मंदिर कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्यामधल्या श्रीरंगम बेटावर, गाभारा सखल. त्यामुळे लिंगाच्या बुडाशी पाणी पाझरतं. ‘आपलिंग’ हे नाव तिथे डोळ्यांनी पाहता येतं.

शब्दकिडा: मग ‘एकांबर’ म्हणजे एकवस्त्र? की एकच आकाश?

वेलांटी: दोन्ही नाही. मूळ ‘एकाम्र’: एक + आम्र, एकच आंबा. आवारात आंब्याचं झाड आहे आणि त्याच्या चार फांद्यांना चार चवींची फळं येतात अशी श्रद्धा. कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितार यांनी या पाचही लिंगांवर कृती (गीतं) रचल्या, त्यात कांचीची ‘चिंतय माकंद’ ही भैरवीतली. माकंद म्हणजेही आंबाच, त्यामुळे अर्थाबद्दल शंका राहत नाही. भुवनेश्वरलाही एकाम्रक्षेत्र म्हणतात, ते वेगळं. कांचीचं लिंग वाळूचं मानतात, म्हणून त्यावर पाणी घालत नाहीत, अभिषेक पीठाला होतो.

वाटसरू: म्हणजे चिदंबरमधला ‘अंबर’ही आंबाच?

वेलांटी: तिथे अंबर म्हणजे खरोखर आकाश: चित् + अंबर. पण हा संस्कृत अर्थ. तमिळ नाव ‘चिट्रंबलम्’, लहान सभा. मोठी ती ‘पेरंबलम्’. केरळात देवळालाच अंबलम् म्हणतात. मूळ रूप कोणतं यावर वाद आहेत; माझा कल तमिळकडे. आकाशाला मूर्ती कशी करणार? नटराजाशेजारी पडदा आहे, तो सरकवला की रिकाम्या जागेपुढे सोन्याच्या बिल्वपत्रांची माळ लोंबताना दिसते. तेच ‘चिदंबर रहस्य’. रोजचा अभिषेक स्फटिकलिंगाला, दिवसातून सहा वेळा. नटराजाला वर्षातून सहाच.

पंचांगवाले: तिरुवण्णामलैबद्दल एक धोक्याची सूचना. ‘कार्तिगै दीपम्’ हा तिथल्या डोंगरावर दीप लावण्याचा सण म्हणजे कार्तिकी किंवा त्रिपुरारी पौर्णिमा, असं धरून तिकिटं काढू नका. तमिळ कार्तिगै हा सौर महिना, साधारण १६-१७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर. त्यात पौर्णिमेच्या सुमारास चंद्र कृत्तिकेत आला की दीप. आपला कार्तिक चांद्र, म्हणून वर्षावर्षाला अंतर बदलतं. २०२३मध्ये २६ नोव्हेंबरला दोन्ही जुळले. २०२५मध्ये त्रिपुरारी ५ नोव्हेंबरला होती आणि दीप ३ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. म्हणजे नोव्हेंबरात गेलेल्याला डोंगर दिसला, दीप नाही. पहाटे चारला देवळात भरणी दीप, संध्याकाळी सहाला डोंगरमाथ्यावर महादीप. माथ्यावरच्या तांब्याच्या मोठ्या कढईला ‘कोप्परै’ म्हणतात. तूप तीन हजार किलोंच्या वर लागतं. महादीपाच्या जरा आधी अर्धनारीश्वर दोन-तीन मिनिटंच बाहेर येतात. गर्दीत डोंगराकडेच बघत उभे राहिलात तर ते हुकतात.

शब्दकिडा: ‘थिरुवन्नमलाई’ की ‘तिरुवण्णामलै’?

कावेरीकाठ: दुसरं. इंग्रजी पाटीवरचा ‘टी-एच’ तिकडे ‘त’साठी असतो. आपण त्याचा ‘थ’ करतो आणि थिरु, थिल्लई असं काहीतरी तयार होतं. ‘तंजावर’, ‘त्रिचनापल्ली’ हे मराठीत पूर्वी कानाने आले, म्हणून त्यात ही गडबड नाही. ‘तिल्लै’ हे चिदंबरमचं जुनं नाव, आणि झाडाचंही. कोकणच्या खाड्यांत तेच झाड ‘गेवा’. चीक डोळ्यात गेला तर भयंकर त्रास होतो, फांद्या मोडू नका.

वाटसरू: आणि ‘अर्चना’? तिकीट काढलं तर अभिषेक स्वतः करता येतो का?

वेलांटी: नाही. आपल्याकडे काही ठिकाणी पिंडीला हात लावून पाणी घालता येतं, तो समज इथे चालत नाही. गाभाऱ्यात प्रवेश नसतो. काळहस्तीत तर पुजारीही मूळ लिंगाला स्पर्श करत नाहीत. अर्चना म्हणजे तुमच्या नावाने नामोच्चार. त्यासाठी नाव, गोत्र आणि नक्षत्र विचारतात, नुसती रास सांगून भागत नाही. मघाला तिथे ‘मगम्’, कृत्तिकेला ‘कार्तिगै’ म्हणतात. चिठ्ठीवर लिहून दिलं तर खिडकीवर घोळ होत नाही.

शब्दकिडा: अंबरनाथचं मंदिर, शके ९८२चं, गाभारा वरून उघडा. तेही आकाशाच्या यादीत धरायचं का?

कावेरीकाठ: नाव आणि उघडं छत एवढ्यावरून नाही. ही पाचांची यादी परंपरेने ठरलेली आहे, तिथे सहाव्याला जागा नाही.