चिनी-जपानी पुस्तकं आता विकत घ्यायचीच कशाला?

पोटमाळा

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पूर्व आशियाई विभागात काम करते. चिनी, जपानी, कोरियन पुस्तकं मागवायची, त्यांच्या नोंदी करायच्या, वाचकाला हवं ते शोधून द्यायचं. पुढच्या वर्षापासून छापील खरेदी निम्म्यावर आणायची आणि वाचलेले पैसे डेटाबेसच्या वर्गणीत घालायचे, असा घाट वरच्या मजल्यावर घातला जातोय. कारण नेहमीचंच: पुस्तकं कुणी हलवत नाही. माझा याला विरोध आहे, आणि तो पुस्तकांच्या वासाबिसासाठी नाही.

सीएनकेआय घ्या. चिनी नियतकालिकं, प्रबंध, परिषदांतले निबंध असं सगळं एका जागी देणारा डेटाबेस. चीनच्या अभ्यासकांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. त्याच्या भरवशावर छापील चिनी मासिकं बंद करणारी ग्रंथालयं कमी नाहीत. मग 2023 च्या मार्चमध्ये कळवण्यात आलं की 1 एप्रिलपासून परदेशी ग्राहकांना प्रबंध, परिषदांचे निबंध आणि सांख्यिकी वार्षिकं दिसणार नाहीत. कारण काय, तर माहिती देशाबाहेर पाठवण्याबद्दलचे नवे नियम. तारीख एप्रिल फूलची, पण गंमत नव्हती. इतकी वर्षं वर्गणी भरून हातात काय राहिलं? जी वार्षिकं आम्ही छापील घेतली होती, ती मात्र कपाटात जिथल्या तिथे आहेत. ती काढून न्यायची तर कुणाला तरी विमानाने यावं लागेल.

हिशेबी

पोटमाळाताई, एका अपघातावरून अख्खं धोरण ठरवू नका. चीनमध्ये वर्षाला दोन लाखांच्या आसपास नवी पुस्तकं निघतात. त्यातली तुम्ही किती घेणार, आणि निवडणार कोण? बऱ्याचदा पुरवठादारच ठरलेल्या निकषांवर खोकी पाठवतो. त्यातली बरीचशी पुस्तकं गावाबाहेरच्या गोदामात जाऊन बसतात. कपाटाला, जागेला, थंड हवेला पैसे पडतात. हार्वर्ड-येनचिंग ग्रंथालयात पंधरा लाखांहून जास्त ग्रंथ आहेत. तिथलं पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येत असेल, तर तेच पुस्तक आणखी चाळीस विद्यापीठांनी का साठवायचं?

पोटमाळा

कारण प्रत्येकाने असंच म्हटलं तर मागवायचं कुणाकडून? हार्वर्डवालेसुद्धा उद्या हाच हिशेब मांडतील.

तळटीप

बौद्ध ग्रंथांचा वाचक म्हणून माझा कल हिशेबींकडे आहे. फर्ग्युसनचे प्राध्यापक पु. वि. बापट आठवा. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध साधनेवरचा मूळ ग्रंथ हरवलेला, पूर्ण स्वरूपात शिल्लक आहे तो सहाव्या शतकातला चिनी अनुवाद. त्याची ‘विसुद्धिमग्गा’शी, म्हणजे बुद्धघोषाच्या त्याच विषयावरच्या पाली ग्रंथाशी, ओळ न् ओळ तुलना करायची तर चिनी शिकायला हवं आणि चिनी त्रिपिटक हाताशी हवं. बापट त्यासाठी हार्वर्डला गेले, आणि तो अभ्यास 1937 साली पुण्यात पुस्तकरूपाने आला. त्या काळी हे किती जणांना जमणार होतं?

आज काय आहे? टोकियोत 1924 ते 1934 या काळात निघालेलं ‘ताइशो’ नावाचं चिनी त्रिपिटक, शंभर खंडांचं धूड. तैवानमधल्या सीबेटा या संस्थेने 1998 पासून त्यातले ग्रंथ संगणकावर आणायला घेतले. टोकियो विद्यापीठाचा ‘सात’ नावाचा प्रकल्पही तेच करतो. दोन्ही फुकट. संगमनेरच्या पोराला मोबाइलवर एक चिनी शब्द टाकून तो कुठल्या कुठल्या सूत्रात आलाय ते मिनिटभरात दिसतं. हे कुठल्या वाचनालयाच्या कपाटाने दिलं असतं?

पोटमाळा

तळटीप, माझंच म्हणणं तुम्ही जास्त चांगलं मांडलंत. सीबेटाचा मजकूर उतरवून आपल्या संगणकावर ठेवता येतो. उद्या त्यांचं संकेतस्थळ बंद पडलं तरी तुमच्याकडचं त्रिपिटक तुमच्याकडेच राहतं. सीएनकेआयचं तसं नाही, ते भाड्याचं घर आहे. मी संगणकाच्या विरोधात नाही, भाडं भरून मालक झाल्याचा आव आणण्याच्या विरोधात आहे. आणि ते ताइशो आधी कुणीतरी छापलं होतं, जपून ठेवलं होतं, म्हणूनच ते संगणकावर चढलं.

वाळवी

मालकी मालकी काय लावलंय? कोरियावर राज्य केलेल्या जोसन घराण्याच्या राजवृत्तांताची एक प्रत कोरियातल्या ओदेसान डोंगरावर जपलेली होती. कोरिया जपानच्या ताब्यात असताना, 1913 च्या सुमारास, ती टोकियो विद्यापीठात नेली. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत बहुतेक भाग जळला. वाचलेल्यातले 47 खंड सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठाला परत मिळायला 2006 साल उजाडलं. याच आगीत आपल्या मोक्षमुल्लर भट्टांचा, म्हणजे मॅक्स म्युलरचा, ग्रंथसंग्रहही खाक झाला. त्याच्या मृत्यूनंतर एका जपानी उद्योगपतीने तो विकत घेऊन विद्यापीठाला दिला होता. कागद ताब्यात असला म्हणजे सुरक्षित, हे टोकियोत जाऊन सांगा.

पोटमाळा

म्हणूनच एकाच ठिकाणी ठेवू नये म्हणते! ओदेसानची प्रत जळाली तरी राजवृत्तांत बुडाला नाही, कारण कोरियाच्या राजांनी वेगवेगळ्या डोंगरांवर प्रती ठेवल्या होत्या. हिशेबींच्या सल्ल्याने त्यांनी एकच ठेवली असती.

आणि सगळे संग्रह लुटीचे नसतात हो. कोलंबिया विद्यापीठात चिनी अभ्यास सुरू झाला तो 1901 साली, दीन लंग नावाच्या एका चिनी नोकराने साठवलेले 12,000 डॉलर दिले तेव्हा. त्याच्या मालकाने, कार्पेंटियरने, मग त्यात मोठी भर घातली. चीनच्या चिंग दरबाराने पाच हजारांवर खंडांचा ज्ञानकोश भेट पाठवला. हेही त्याच इतिहासात आहे.

कोथरूडची निहोंगो

मी पुण्यात जपानी शिकवते, भाषांतरं करते. तुमची सगळ्यांची भांडणं भरल्या पोटाची वाटतात, राग मानू नका. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या क्लासपर्यंत जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही. पण परीक्षेच्या पुस्तकांपलीकडे वाचायला काय, हे विचारलं की सगळे गप्प. आम्हाला ना तुमचं गोदाम, ना तुमची वर्गणी. आम्ही जगतो आओझोरा बुन्को या जपानी संकेतस्थळावर. स्वामित्वहक्क संपलेलं जपानी साहित्य तिथे स्वयंसेवक 1997 पासून टाइप करून ठेवतायत.

पण हिशेबीसाहेब, ‘सगळं डिजिटल मिळतं’ हा समज जपानीपुरता तरी सोडा. अभ्यासाची किती तरी जपानी पुस्तकं अजून फक्त छापीलच निघतात. गावाचा इतिहास, एखाद्या छोट्या संग्रहालयाच्या प्रदर्शनाची पुस्तिका, यांच्या मोजक्या प्रती निघतात आणि वर्षभरात संपतात. त्या तेव्हा घेतल्या नाहीत तर नंतर पैसे असूनही मिळत नाहीत. चिनी कादंबरी दहा वर्षांनीही मिळेल.

हिशेबी

हा मुद्दा मान्य. दुर्मीळ होणारं आधी घ्या, कादंबऱ्या नंतर. पण यात ‘छापील निम्म्यावर नको’ कुठे आलं? निम्म्यात नीट निवडा, एवढंच आलं. वर्गणीच्या करारात मात्र अट घाला: जेवढ्या वर्षांचे पैसे भरले तेवढ्या वर्षांचा मजकूर वर्गणी संपल्यावरही आमच्याकडे राहील, आमच्या सर्व्हरवर. देत नसतील तर सही करू नका.

पोटमाळा

अट घालायला एकटं विद्यापीठ पुरत नाही, पंचवीस जणांनी मिळून बसावं लागतं. आणि सरकारनेच दार लावलं तर करारातलं कलम घेऊन कुठल्या कोर्टात जाणार? बीजिंगच्या?

निवडीचं म्हणाल, तर निवडायला माणूस लागतो. पुरवठादाराच्या खोक्यावर विसंबायचं नाही म्हणता, तर कोरियन वाचणारा, गावोगावच्या प्रकाशकांवर लक्ष ठेवणारा कुणीतरी पगारावर हवा. आमच्याकडची ती जागा निवृत्तीनंतर रिकामीच आहे. निम्म्या खरेदीच्या त्या कागदावर तिचा उल्लेखही नाही.

हिशेबी

तिचा पगार वर्गणीतून कापायला तयार आहात का? तसं असेल तर मांडा समितीपुढे. मी त्या बाजूने बोलेन.

वाळवी

बघा, कापाकापीवर आले की दोघांचं जमतं.