मदत हवी आहे: अमाईन टॉवरमध्ये फेस, गंधक काळपट येतंय

ऐरोलीची_केमिकल: तातडीचं आहे. ऑफिस ऐरोलीला, प्लांट गुजरातेत. ॲब्सॉर्बरचा (गॅसमधला एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, अमाईनच्या द्रावणात शोषून घेणारा टॉवर) डीपी, म्हणजे खालच्या-वरच्या दाबातला फरक, एकदम चढतो, अमाईन गॅसबरोबर वरून निघून जातं. त्या एचटूएसचं गंधक करणाऱ्या सल्फर युनिटमधून गंधकही पिवळंऐवजी काळपट. अँटिफोम (फेस मोडणारं रसायन) घातलं की दोन तास बरं, पुन्हा तेच. सकाळी साइटला उत्तर द्यायचंय. काय करू?

उरण_शिफ्ट: कोणतं अमाईन? गॅस आणि लीन अमाईनचं (एचटूएस काढून टॉवरमध्ये परत येणारं) तापमान? एवढं तरी लिहा ताई.

ऐरोलीची_केमिकल: एमडीईए. तापमान साइटला विचारते.

कळवा_काका: अँटिफोमचा डोस वाढवा. आम्ही आयुष्यभर हेच केलं.

उरण_शिफ्ट: काका, जास्त झालं की फेस उलट वाढतो. शिवाय कार्बन फिल्टर ते शोषून घेतो. आधी कारण शोधू द्या.

कळवा_काका: कारण शोधेपर्यंत टॉवर भरला तर? प्लांट थांबवणार?

बेलापूर_प्रोसेस: क्लॉसकडे, म्हणजे सल्फर युनिटच्या प्रक्रियेकडे बघा. एक तृतीयांश एचटूएस जळून एसओटू (सल्फर डायऑक्साइड) व्हायला हवा, टेल गॅसमध्ये, म्हणजे युनिटमधून शेवटी निघणाऱ्या गॅसमध्ये, एचटूएस-एसओटू २:१ राखा. ॲनालायझर कॅलिब्रेट केलाय का?

ऐरोलीची_केमिकल: रेशो एरवी नीट असतो, डीपी चढल्यावरच बिघडतो. माझा प्रश्न टॉवरचा आहे हो.

वाशीकर_बागायतदार: हे काळं गंधक द्राक्षांच्या भुरीवर धुरळायला चालेल का? निफाडला मामांची बाग आहे.

उरण_शिफ्ट: नको. त्यात काजळी असणार, भट्टीत हायड्रोकार्बन अर्धवट जळतंय. म्हणजे ताई, ते अमाईनमधून तिकडे पोचतंय. होतं कधी, दिवसा की रात्री?

ऐरोलीची_केमिकल: रात्रीच! दोननंतर. लिहायचं राहिलं. आकडे आले: गॅस ३८ अंश, लीन अमाईन ३६.

उरण_शिफ्ट: मग तिथेच आहे. अमाईनचा कूलर पंख्याचा असेल. रात्री हवा गार, अमाईन गॅसपेक्षा थंड होतं, जड हायड्रोकार्बन टॉवरमध्येच द्रव होऊन फेस धरतात. लीन अमाईन गॅसपेक्षा ५-६ अंश गरम ठेवा. फ्लॅश ड्रममधलं (टॉवरमधून आलेल्या अमाईनचा दाब कमी करून तेल-गॅस वेगळं करणारी टाकी) तेलही काढा.

ठाणे_सेफ्टी: तेल काढताना वासावर विसंबू नका. एचटूएस १०० पीपीएमच्या आसपास असला की नाक बधिर होतं. मीटर लावूनच माणूस पाठवा, एकटा नको.

ऐरोलीची_केमिकल: सांगितलं. एक पंखा बंद केला, लीन ४३ वर आलंय, डीपी अजून वर गेलेला नाही. पण टॉवरच्या आधी गॅसमधला द्रव वेगळा करणाऱ्या इनलेट सेपरेटरच्या ड्रेनमधून तेलकट पाणी येतंय आणि त्याचं फिल्टर शेवटचं कधी बदललं ते शिफ्टमध्ये कुणालाच सांगता येत नाहीये.

कळवा_काका: मग ते आधी उघडा. अँटिफोम तोवर थोडं चालू असू द्या.