झोपेच्या बातम्या ऐकून इंग्रजी कानात बसतं का?

सायंवर्ग (धागाकर्ता)

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या बहुतेक मुली जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या आहेत. शाळा मराठी माध्यमाची, पुढची पुस्तकं इंग्रजी. वाचलेलं समजतं, लिहिताही येतं, पण समोरचा बोलायला लागला की दोन-तीन वाक्यांत सूत्र हातून सुटतं. परदेशात नोकरीसाठी यातल्या बऱ्याच जणी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करतात. तिच्या ऐकण्याच्या पेपरात ४२ प्रश्न असतात आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात.

या मुलींना मी सिनेमे किंवा मालिका बघायला सांगत नाही. आरोग्यावरचे, त्यातही झोपेवरचे चार-सहा मिनिटांचे ऑडिओ वृत्तांत देतो. काही व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी प्रसारण संस्थेच्या लर्निंग इंग्लिशचे (मार्च २०२५ मध्ये तिथल्या जवळपास सगळ्या कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवलं गेलं, पण जुने भाग मी उतरवून ठेवलेले आहेत), तर काही बीबीसीच्या सिक्स मिनिट इंग्लिशचे.

झोपच का? एक तर नाईट ड्यूटी केलेल्या मुलीला या विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही. दुसरं म्हणजे शब्द फिरून फिरून तेच येतात: इन्सोम्निया (निद्रानाश), स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं), मेलाटोनिन (झोपेशी संबंधित संप्रेरक), सर्केडियन रिदम (शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ). चार-पाच वृत्तांत झाले की नवे शब्द कमी होतात आणि लक्ष वाक्याकडे जातं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९९६ मध्ये हाच आग्रह धरला होता, की शिकणाऱ्याने एकाच विषयावरचं भरपूर ऐकावं, विषय सारखे बदलू नयेत.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण वेगळं आहे. आरोग्याच्या बातमीचा अर्थ बारक्या शब्दांवर उभा असतो. ‘मे’, ‘माइट’, ‘लिंक्ड टू’, ‘ॲट लीस्ट’. बोलणारा नेमके हेच शब्द भरभर, दबक्या आवाजात उच्चारून पुढे जातो आणि आपण फक्त ठसठशीत शब्द वेचतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून प्रौढांसाठी शिफारस केली ती ‘सात किंवा त्याहून अधिक तास’ अशी. हे वर्गात ऐकवलं की बऱ्याच वह्यांत नुसतं ‘सात तास’ उतरतं. ‘मे रिड्यूस’ ऐकून ‘कमी होतं’ असं लिहिणारी मुलगी उद्या डॉक्टरांची सूचनाही तशीच अर्धी उतरवून घेईल. हा कान घडवायचा असेल तर आरोग्याच्या बातमीइतकं चांगलं साहित्य मला दुसरं दिसत नाही.

पद्धत साधी आहे. आधी वही बंद ठेवून पूर्ण ऐकायचं. मग एक मिनिटाचा तुकडा घेऊन श्रुतलेखन, आणि शेवटी मूळ मजकुराशी ताडून सुटलेले शब्द लाल शाईने भरायचे. त्या लाल शब्दांकडे बघितलं की आपला कान कुठे कमी पडतो ते स्वच्छ दिसतं.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जरूर लिहावं.

लीड्सची सिस्टर

सर, मला पटत नाही, म्हणून लिहितेय.

मी इथे इंग्लंडात, लीड्सला मेडिकल वॉर्डला आहे. सकाळी पेशंटला झोप कशी लागली विचारलं तर कुणी ‘इन्सोम्निया’ हा शब्दही काढत नाही. ‘डिडन्ट स्लीप अ विंक, लव्ह’, ‘अप अँड डाउन ऑल नाइट’, ‘टॉसिंग अँड टर्निंग’, ‘मस्ट हॅव नॉडेड ऑफ अराउंड फोर’, असं बोलतात. त्यात यॉर्कशायरची वयस्कर मंडळी ‘द’ जवळजवळ गिळूनच टाकतात, आणि ‘नथिंग’ला ‘नाउट’ म्हणतात. रात्री काही खाल्लं का विचारल्यावर ‘नाउट’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ कळायला हवा की नको? पुढे औषध द्यायचं असतं.

ओईटीचंच बोलायचं तर पार्ट ए मध्ये पेशंटशी झालेलं संभाषण ऐकून टिपणं भरायची असतात. ४२ पैकी २४ प्रश्न तिथेच आहेत. तुमचे वृत्तांत फार तर पार्ट सी ला उपयोगी पडतील, आणि त्याचे प्रश्न बारा.

वेगाचंही बघा. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये स्पेशल इंग्लिश (लर्निंग इंग्लिशचं जुनं नाव) सुरू केलं तेव्हापासून तिथे साधारण १५०० शब्दांचा साठा आणि नेहमीपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी वेग ठेवला जात आला. रेडिओ खरखरायचा त्या काळात ते योग्यच होतं. पण त्या संथ, सुट्या शब्दांची सवय लागलेली मुलगी इथल्या हँडओव्हरला (पाळी बदलताना पेशंटची माहिती सांगतात तेव्हा) उभी राहिली की तिला वाटतं आपल्याला इंग्रजी येतच नाही. असं झालेल्या मुली मी वॉर्डात पाहिल्या आहेत. त्या हुशार होत्या, पण त्यांना सराव चुकीचा मिळाला होता.

सायंवर्ग

सिस्टर, पार्ट ए चं गणित बरोबर आहे, ते नाकारत नाही. पण पहिली पायरी कुठली, हा माझा प्रश्न आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलं होतं की बोललेलं कुणाच्या मदतीशिवाय समजायचं, तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी सहा ते सात हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) माहीत असावी लागतात. माझ्याकडे येणाऱ्या मुली तिथून खूप लांब आहेत. त्यांना पहिल्याच आठवड्यात यॉर्कशायरच्या आजी ऐकवल्या तर त्यांच्या कानावर नुसता गलका पडेल आणि त्या वर्ग सोडतील.

लीड्सची सिस्टर

‘अप’, ‘डाउन’, ‘ऑल’, ‘नाइट’. यातला कुठला शब्द तुमच्या मुलींना माहीत नाही? शब्द चौथी-पाचवीतले आहेत. जोडून बोलल्यावर त्यांचा जो आवाज होतो तो अनोळखी आहे. शब्दसाठा कितीही वाढवला तरी ही अडचण सुटत नाही, आणि संथ वाचनाने तर ती दिसतच नाही.

माळरान

+१ सिस्टर.

डॉ. कृष्णाकाठ

माझा आक्षेप इंग्रजीवर नाही, विषयावर आहे.

आरोग्याची बातमी ही मुळात संशोधनाचा सारांश असते, मग ती चार मिनिटांत बसवलेली असते, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं साठ-सत्तर टक्के कळलेलं असतं. इतक्या गाळण्या पार करून जे उरतं ते घरी पोचतं आणि तिथून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. एक उदाहरण देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचं काम २ए गटात टाकलं. त्याचा अर्थ ‘बहुधा कर्करोगकारक’. २०१९ मध्ये पुन्हा आढावा घेऊन तोच गट कायम ठेवला. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो. एखाद्या नर्सला धोका किती, हे त्यातून कळत नाही. आता यातलं ‘प्रॉबॅब्ली’ ज्या मुलीच्या कानातून निसटलं, तिच्या डोक्यात काय राहिलं? नाईट ड्यूटीने कॅन्सर होतो. आणि ती स्वतः महिन्यातल्या कितीतरी रात्री ड्यूटीवर असते.

भाषा शिकताना चुका होणारच. मग त्या अशा विषयात होऊ द्या जिथे चुकीने कुणाचं नुकसान होत नाही. हवामानाचे अंदाज आहेत, क्रिकेटचं समालोचन आहे, प्रवासवर्णनं आहेत.

सायंवर्ग

डॉक्टर, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो ‘प्रॉबॅब्ली’ निसटतो, म्हणूनच तो वर्गात, माझ्यासमोर निसटायला हवा. तिथे लाल शाईने भरला जातो. क्रिकेटच्या समालोचनात चौकार गेला की गेला, तिथे ‘असू शकतं’ला फारशी जागा नाही. हवामानाच्या अंदाजात शक्यतेची भाषा असते, हे मान्य. पण या मुलींना पुढची तीस वर्षं काम करायचंय ते औषधं, तपासण्या आणि लक्षणं यांच्या भाषेत. चूक होऊ शकते म्हणून त्यांना त्या भाषेपासून लांब ठेवणं मला पटत नाही.

डॉ. कृष्णाकाठ

तुमच्या वर्गात शाई भरायला तुम्ही आहात. हा धागा वाचून घरी एकट्याने मोबाईलवर ऐकणाऱ्याकडे कोण आहे? मूळ लेखात निदान एवढं लिहा की मूळ मजकूर हाताशी नसेल तर आरोग्याचा वृत्तांत सरावाला घेऊ नये.

पहाटवारा

मी रोज रात्री इअरफोन लावून असेच वृत्तांत ऐकत झोपतो. डोळा लागला तरी चालू राहतात. आपोआप मुरतं असं वाटतं. कुणाचा अनुभव?

डॉ. कृष्णाकाठ

@पहाटवारा, नाही मुरत. चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स या अमेरिकी संशोधकांनी १९५६ मध्ये मेंदूच्या लहरी मोजत हे तपासलं होतं. माणूस खरोखर झोपलेला असताना ऐकवलेली माहिती सकाळी आठवली नाही. झोपेचा उपयोग आहे तो जागेपणी शिकलेलं पक्कं होण्यासाठी. त्यामुळे संध्याकाळी जागेपणी ऐका आणि रात्री इअरफोन काढून ठेवा. झोपेच्या आरोग्यावरचा कार्यक्रम ऐकत झोप मोडून घेण्यात ना इंग्रजीचा फायदा आहे, ना झोपेचा.

घाटावरचे मास्तर

चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. दोन्ही बाजू वाचल्या. विषय कुठला आणि वेग किती यावर इतकं लिहून झालं, पण ध्वनी हा मूळ मुद्दा फक्त लीड्सच्या ताईंनी काढला.

मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत आघात असलेलं अक्षर लांबतं आणि बाकीची आखडतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक बोलताना शेवटच्या ‘न’वर फारसा अवलंबून नसतो, तो आघात कुठे आहे यावर असतो. झोपेच्या वृत्तांतात पंधरा मिनिटांची डुलकी पन्नास मिनिटांची झाली तर फार बिघडत नाही. गोळीच्या मिलिग्रॅममध्ये झाली तर बिघडतं. म्हणूनच रुग्णालयांत तोंडी सूचना घेताना आकडा ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झिरो’ असा सुटा करून परत म्हणून दाखवायला शिकवतात. तसंच ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. अमेरिकी माणूस ‘कॅन्ट’मधला ‘ट’ कित्येकदा उच्चारतच नाही. नकार ओळखायचा तो ‘ॲ’ पूर्ण आणि जोरकस आला यावरून, कारण होकारातला ‘कॅन’ आखडून ‘कन्’ होतो. हे मुलांना समोर बसवून, तोंडाने म्हणायला लावून शिकवावं लागतं. ज्याला स्वतःच्या तोंडून आघात देता येत नाही त्याला तो कानानेही लवकर सापडत नाही.

आणि सायंवर्ग, तुमच्या लाल शाईत एक गोम आहे. सिक्स मिनिट इंग्लिशच्या छापील मजकुरावर स्पष्ट लिहिलेलं असतं की तो शब्दशः नाही. मग मुलीने बरोबर ऐकलेला शब्द मजकुरात नसेल तर ती तो खोडणार?

सायंवर्ग

मास्तर, त्याच कारणाने श्रुतलेखन फक्त व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या तुकड्यांवर घेतो. बीबीसीचा भाग चर्चेसाठी असतो. त्यात सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात, त्यामुळे मुली शेवटपर्यंत टिकून ऐकतात. आघाताबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र वर्गात वाचून दाखवणार आहे. आकडे मोठ्याने म्हणायचा सरावही या आठवड्यापासून सुरू करतो.

वेगाबद्दल मी मागे हटत नाही. मास्तर, तुम्ही म्हणता तो आघात तरी संथ आवाजात आधी ऐकू यायला नको का?

घाटावरचे मास्तर

संथ वाचताना निवेदक आखडणारी अक्षरंसुद्धा उलगडून म्हणतो. म्हणजे जो आघात ऐकवायचा तोच पातळ होतो. पहिले काही आठवडे ठीक आहे, त्यानंतर नको.

रात्रपाळी

मी नर्स आहे. असेच वृत्तांत ऐकून तयारी केली, परीक्षा अजून द्यायची आहे. सरांच्या वर्गातली नाही.

फायदा झाला, हे आधी सांगते. या वृत्तांतांचा साचा ठरलेला असतो. पहिल्या वाक्यात निष्कर्ष, मग संशोधन कुठल्या विद्यापीठाचं, किती लोकांना किती वर्षं तपासलं, आणि शेवटी कुणीतरी दुसरा तज्ज्ञ येऊन सांगतो की अजून तपासायला हवं. हा साचा डोक्यात बसला की मधलं एखादं वाक्य हुकलं तरी पुढे कुठे पकडायचं ते कळतं. आधी एक वाक्य हुकलं की मी सगळंच सोडून द्यायचे.

पण एक गोष्ट मला सतत टोचते आणि ती वर कुणीच लिहिली नाही. प्रत्येक वृत्तांत शेवटी तेच सांगतो: रोज ठरलेल्या वेळी झोपा, संध्याकाळनंतर कॉफी नको, खोली अंधारी ठेवा. आमची ड्यूटी फिरती असते. या आठवड्यात सकाळ, पुढच्या आठवड्यात रात्र. कॉफीचा अर्धा अंमल उतरायलाच साधारण पाच तास लागतात हे मला पाठ आहे, तरी पहाटे तीनला आम्ही सगळ्या चहा घेतोच, कारण चार वाजता औषधांची फेरी असते आणि हात चुकून चालत नाही. रात्र संपवून बसमध्ये हे ऐकताना वाटतं, हे सगळं दुसऱ्याच कुणासाठी बोललं जातंय.

सर, वर्गात मुलींना याबद्दल इंग्रजीत बोलायला लावाल का? सलग रात्री लागल्या तर इन्चार्ज सिस्टरना नीट शब्दांत कसं सांगायचं, हे कुठल्याच वृत्तांतात नसतं. परदेशात तर ते सांगावंच लागेल.

लीड्सची सिस्टर

@रात्रपाळी, सांगावं लागतं आणि सांगितलेलं ऐकून घेतलंही जातं. ‘आय हॅव डन फोर नाइट्स ऑन द ट्रॉट, आय ॲम नॉट सेफ टू डू अ फिफ्थ.’ ‘ऑन द ट्रॉट’ म्हणजे सलग, इथे सगळे वापरतात. ‘नॉट सेफ’ हे शब्द सोडू नका. ‘टायर्ड’ म्हटलं तर सहानुभूती मिळते, ‘नॉट सेफ’ म्हटलं की ड्यूटीचं रोस्टर उघडलं जातं.

सर, संथ ऐकवण्याबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे. पण वॉर्डात सकाळी कानावर पडणारी वाक्यं मी माझ्या आवाजात, इथल्या वेगाने म्हणून तुम्हाला पाठवते. पेशंटचा आवाज अर्थातच नाही घेता येणार. तुमच्या मुलींना तीन महिने तुमचे वृत्तांत झाले की ती ऐकवा, आणि किती उतरवता आली ते इथे येऊन लिहा.

सायंवर्ग

पाठवा. तीन महिने नको, सहा आठवड्यांनीच ऐकवतो.